दोन महिन्यांची रजा

अर्नाळा,
रविवार, मिस्सा आटोपल्यावर

प्रिय डेल्फिन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधी सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा होता तसाच आहे, प्रीतलची अकरावीची चाचणी संपली. शेजारच्या आग्नेसची भाची मस्कतला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र आणि आईने वाळवलेले बोंबील पाठवतोय. पत्राला वास लागला असेल तर सासूला बोल, मला नको. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपण दोघंही सराईतपणे खोटं बोलतो. तू म्हणतेस वेळेवर जेवले, मी म्हणतो मजेत आहे, तेवढ्यात तुला वॉर्डातून हाक येते. मी सीमेवर होतो आणि चौकीवर फोन लागायचा नाही त्या वर्षांत आपण एकमेकांना लिहायचो, तेव्हा जास्त खरं बोलायचो.

तू गेल्यापासूनच्या माझ्या नोकरीच्या शोधाबद्दल मी तुला अर्धंच सांगत आलो. आता उरलेलं ऐक. बायोडेटावर पहिल्या ओळीत 'माजी सैनिक, हवालदार' आणि त्याखाली 'बी. कॉम.' असं लिहितो. खालच्या ओळीपर्यंत कुणाची नजर पोचतच नाही. वसईच्या एका कारखान्यात मालक खुर्चीतून उठून उभा राहिला, हात जोडले, चहा पाजला आणि म्हणाला, "गेटवर तुमच्यासारखाच माणूस हवा होता." मी म्हटलं, जागा तर ज्युनियर अकाउंटंटची होती ना? त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याची दया आली. नायगावच्या एका टॉवरवाल्यांनी सुपरवायझर करतो म्हणून सांगितलं, शिट्टी आणि टोपी त्यांची. जिथे बी. कॉम. वाचलं गेलं तिथे वय वाचलं गेलं. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एकवीस वर्षांची पोरं बसायची आणि मला विचारायची, "अंकल, मुलाला घेऊन आलात का?" आई तर रोज जेवताना तेच म्हणते, "पेन्शन हाय ना? मग बस की घरी. कोन ठेवनार तुला आता?" मी भात कालवत बसतो. जपमाळ झाल्यावर तीच माझ्या नोकरीसाठी एक जादा प्रार्थना म्हणते, ती गोष्ट वेगळी.

गेटची नोकरी घेतली असती तर केव्हाच लागलो असतो, आणि त्यात कमीपणा आहे असंही मला वाटत नाही. पण ती रात्रपाळीची. मी कॉमर्स का घेतलं हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं, फौजेच्या कॅन्टीनचा हिशेब ठेवायचो म्हणून. खरं कारण आग्नेसचा नवरा आहे. एकदा मी रजेवर असताना आपण दोघं पायरीवर बसलो होतो. तो पतपेढीतून आला, हातात कोथिंबिरीची जुडी. आग्नेस वैतागून म्हणाली, "हा बग, सात वाजले की आला, रोज पायांत पायांत." तू हसलीस, आणि मग बराच वेळ हसली नाहीस. मी त्या दिवशीच ठरवलं, फौजेतून सुटलो की रोज सात वाजता घरी येणारा नवरा व्हायचं, तुला कंटाळा येईपर्यंत. मी सुटलो आणि वर्षभरात तू गेलीस. माझं शिकणं, प्रीतलचं शिकणं, कुणीतरी कमवायला हवं होतं. माझी नोकरी लागली की परत येते, असं म्हणून गेलीस. देव बाप्पालाही विनोदाची खोड आहे.

गेल्या आठवड्यात विरारला एका सीएच्या ऑफिसात मुलाखत होती. ज्ञानदा मॅडम, तिशीच्या आतल्याच. त्यांनी बँकेची नोंद जुळवायला दिली, मी जुळवली. जीएसटीचं विचारलं, एक चुकलं, बाकी बरोबर. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?" आणि मी, सतरा वर्षांच्या सवयीने, ताठ बसून विचारलं, "मॅडम, दोन महिन्यांची वार्षिक रजा डिसेंबरपासून मिळेल का?" पलीकडच्या टेबलावरच्या पोरांना हसू फुटलंच. मॅडमना वाटलं मी थट्टा करतोय. फौजेत वर्षाला दोन महिने रजा मिळते हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना काय सांगणार? त्यांनी हसू आवरून विचारलं, "दोन महिने कशाला हवेत?" मी खरं ते सांगितलं. बायको नाताळला मस्कतहून येते, महिनाभर असते, त्या आधी घर रंगवायचं असतं, आणि ती गेल्यावर काही दिवस माझ्याकडून काहीच होत नाही. हे शेवटचं तोंडातून कसं निघालं कळलं नाही. मॅडमनी फाइल मिटली. हीही गेली असं समजून मी कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन उगाच बसून राहिलो.

परवा त्यांचा फोन आला. सोमवारपासून या म्हणाल्या. पगार ऐकलास तर तू हसशील, पण खुर्ची आहे, टेबल आहे, आणि साडेसहाला सुटी. रजा मात्र वर्षाला बारा दिवस, तीही रिटर्न भरायच्या दिवसांत नाही. आईने बातमी ऐकली आणि शेजारी वाटायला आपणहून पापलेट तळली.

हे मी तुला फोनवर सांगितलं नाही, कारण मला भीती वाटते. करार नवा करायचा की नाही ते या महिन्यात तिथे कळवायचं असतं, असं तू एकदा म्हणालीस आणि नंतर तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. तिथे तुला मान आहे, पोरी तुला सिस्टर म्हणून विचारून काम करतात. तुला राहायचं असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही, फक्त फोनवर सांगू नकोस. पण एक आठवतं. मी रजेवर आलो की दुसऱ्याच दिवशी छोटी प्रीतल माझ्या ट्रंकेवर बसून विचारायची, "बाबा, तू कधी जाणार?" गेल्या नाताळात तिने तेच तुला विचारलं. तू चुलीकडे वळलीस, पण मी पाहिलं. बारा दिवसांत तुझी सुट्टी बसत नाही, डेल्फिन. म्हणून यंदा सुट्टीवर येऊ नकोस. घरी ये.

सात वाजता दारात असणारा,
तुझाच,
आलोशियस