डेअरीतलं घड्याळ, डोंगरावरचं घड्याळ

८ एप्रिल, सोमवार
पयली आली ती सखू चेअरमनीण. उंबऱ्यातनंच म्हणली, "तुमची मनू जीपमधी दोन पेट्या घिऊन आली. तिजोऱ्याच जणू." भाकर तव्यावर सोडून पळाले. करपली. मनू म्हंजी माझ्या लेकीची लेक, पुण्यात शास्त्र शिकती. संगं तिचे सर, लई उंच, दारात डोकं आपटलं. पेट्यात घड्याळं हायत. काटे न्हाईत.

९ एप्रिल
घड्याळं आमच्या बायांच्या दूध सोसायटीत, थंड खोलीत ठिवली. खोली रिकामीच. औंदा दुष्काळ, गुरं छावणीला, दूध कुठलं. मनू म्हणती, धरणीच्या जितकं जवळ तितकं घड्याळ हळू चालतं, उंचावरचं पुढं पळतं. फरक इवलुसा, भिंतीवरच्या घड्याळाला जलमभर कळायचा न्हाई. आज दोन्ही शेजारी ठिऊन जुळवली. उद्या एक धारूरच्या डोंगरावर, थोरल्या जाऊबाईच्या घरी. ह्याच्यावरच मनूची पीएचडी अडलीय. खोली रविवारपोत्तरच. सोमवारी छावणीतलं दूध यायचंय.

१२ एप्रिल, शुक्रवार
घाण केली मी. मनू जेवाय गेल्ती, मला राखणीला बसवून. पेटीला हात लावला तर गरम. उन्हाळ्यात दुधाच्या कॅनला वलं गोणपाट गुंडाळतो, तसंच गुंडाळलं. पाणी टँकरचं, माझ्या आंगुळीचं. पेटी चिमणीवानी वरडाय लागली. मनू पळत आली. "आज्जे, हवेची भोकं झाकलीस गं." रागावली न्हाई. फरशीवर बसून रडली. समदं पयल्यापासनं करायचं, अन् खोली कुठाय?
जेवले न्हाई.

१३ एप्रिल
सोसायटीची बैठक. हुबी राहून कबूल केलं. बाया हसाय लागल्या. सखू म्हणली, "आपल्याला ही पेलाभर पाणी देत न्हाई, अन् पेटीला आंगुळ घातली." हसता हसताच ठरलं. दूध आठ दिस शेजारच्या गावच्या डेअरीत न्यायचं. पायपीट बायांची. मनूनं समद्यांच्या पाया पडून घेतलं. वरचं घड्याळ उतरवलं. उद्या परत जुळवणी.

२१ एप्रिल, रविवार
डोंगरावरचं खाली आलं. शेजारी ठिवलं. मनूनं कागद दोनदा बघितला. मग हळूच, "वरचं पुढं हाय, आज्जे." माझ्या डोळ्याला पाणी.
जाऊबाईला फोन लावला. "अक्का, डोंगरावर तुमी लवकर म्हाताऱ्या व्हायल्यात."
"मग माझा मान मोठा. तू खालीच ऱ्हा, भांडी घास."
लई हसलो.
सर मातर कागदावर परत परत गणित करत बसले. फरक हिशेबापरीस जरा जास्तीच निघाला. डोंगरामुळं का वल्या गोणपाटानं घड्याळ बिघडलं, ते त्यांनाबी सांगता येईना. तिसरं, नवं घड्याळ आणून परत बघायचं म्हणले. सखूनं लगेच खोली देऊ केली. म्हणली, "पर ह्या म्हातारीला बाहेर बसवा."
जीप गेली. मनूनं जाताना गळ्यात हात टाकले.
परत येणार अक्षय तृतीया झाल्यावर, ९ मे, गुरुवारी.