पोलादपुरातला सोडा आणि कंपनीचा कागद

पोलादपूर, १२ मे १९६५

तीर्थस्वरूप भागोजीदादांस महिपतीचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमच्या गुडघ्याचं दुखणं निवलं असेल अशी आशा आहे. (नसेल तर सॉलिसिटरच्या कचेरीतले जिने दिवसातून एकदाच चढावे. फायली काही पळून जात नाहीत.) तुमची बहीण गोदू ठणठणीत आहे. किती ठणठणीत, ते पुढे कळेलच.

फाल्गुनात आमच्या हॉटेलावर हिमराज शीतपेय कंपनीचा एजंट आला. इस्त्रीची पँट, काळा चष्मा, आणि मला चक्क 'शेठ' म्हणाला. (दादा, मला आजवर कुणी शेठ म्हटलेलं नव्हतं, हे लक्षात घेऊनच पुढचं वाचावं.) त्याने हॉटेलावर लावायला रंगीत पत्रा फुकट दिला, बर्फाची पेटी फुकट दिली आणि एका कागदावर सही मागितली. मी केली. स्टँडाजवळच्या बाकीच्या पाच हॉटेलवाल्यांनीही केली. त्यांनाही तो शेठच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी महाडहून इस्माईलभाई नेहमीप्रमाणे गोटीच्या सोड्याच्या पेट्या घेऊन आले. त्यांनी कागद वाचला नि खालीच बसले. "महिपती, यात लिवलंय की हिमराजशिवाय दुसऱ्या कुणाचा माल ठेवायचा नाय. तू वाचलंस नाय काय रे?" मी म्हटलं, अक्षर बारीक होतं. त्यांनी पेट्या परत ट्रकवर चढवल्या. त्यांच्या वडिलांपासून चाललेला कारखाना. महिन्याभरात त्यांनी यंत्र विकायला काढलं.

मैदान मोकळं झाल्यावर हिमराजने भाव वाढवला. आम्ही सहा जण एजंटाकडे रडलो, तर तो म्हणाला, दुसरीकडून घ्या. दुसरीकडे होतं कोण? आता शेठ म्हणायचंही त्याने सोडलं होतं. त्यात महाबळेश्वरचा घाट उतरून येणारी माणसं! आंबेनळीची वळणं खाऊन त्यांची पोटं तोंडाशी आलेली असतात. ती येतात, बाकावर आडवी होतात आणि साधा सोडा मागतात. माझ्याकडे काय, तर लालभडक गोड पाणी. ते प्याल्यावर जे व्हायचं, ते मलाच धुवावं लागायचं.

शेवटी एका सकाळी गोदूने हॉटेलाशेजारच्या जांभळाखाली फळकूट टाकलं आणि इस्माईलभाईंना निरोप धाडून चार पेट्या मागवल्या. मी घाबरून म्हटलं, अगं, कागद आहे. ती म्हणाली, "सही तुमची हाय, माझी नाय. आणि झाड कंपनीचं नाय." मी फळकुटाखाली दगड लावून दिला. (लहानपणी तिच्यापुढे तुमचं तरी काही चालत होतं का?)

आठ दिवसांत एजंट जीपने आला, तोही घाटातूनच. आला तो हिरवागार चेहरा घेऊन. मी लगबगीने त्याच्याच कंपनीची बाटली पुढे केली. त्याने मान फिरवली आणि हळूच जांभळाकडे बोट केलं. गोदू बाटली हातात धरून म्हणाली, "आधी सांगा, मी इकू का नको?" तो म्हणाला, "विका बाई, विका, पण आधी फोडा!" तिने अंगठ्याने गोटी आत दाबली. एक प्याला, दुसरा प्याला, मोठी ढेकर दिली आणि मग त्याने सगळ्या स्टँडासमोर पैसे दिले. हे पाहून बाकीच्या पाचही हॉटेलवाल्यांच्या बायकांनी पुढच्या आठवड्यात आपापल्या हॉटेलाशेजारी फळकुटं टाकली. कंपनीने नवा कागद पाठवला, त्यात ती बारीक अक्षरांची ओळच नव्हती, आणि भावही उतरला. इस्माईलभाईंनी यंत्र विकलं नाही, उलट त्याला तेलपाणी केलं. परवा त्यांच्या घरून आमिनाभाभींनी आम्हाला खिम्याचे समोसे पाठवले. तर एकंदरीत सगळं झकास आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
महिपती

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. त्या सहाजणींनी एक होऊन इस्माईलभाईंकडून शब्द घेतला आहे की पोलादपुरात सोडा फक्त त्यांनाच द्यायचा, हॉटेलांना नाही. भाव सहाजणींचा एकच, तो मंगळवारी देवळामागे ठरतो. माझ्या गिऱ्हाइकासाठी मला माझ्याच बायकोकडून सोडा विकत घ्यावा लागतो, तोही रोखीने. मक्तेदारीची चौकशी करायला सरकारने दिल्लीला आयोग नेमल्याचं पेपरात वाचलं. बायकोविरुद्ध तिथे अर्ज चालतो का, एवढं तुमच्या साहेबांना हळूच विचारावं. गोदूला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला पोस्टमन सयाजीकडे दिलं होतं. त्याने सोडा पीत पीत ते गोदूला वाचून दाखवलं. वरचा ता. क. रद्द समजावा. गोदूचा निरोप असा की आयोगाला खुशाल बोलवा. तिथले साहेब आले की त्यांच्याशी ती एकटीच बोलेल, मी मधे पडायचं नाही.