बर्फावर टाकायची माती

मी, कुंझेस डोलमा, दिवंगत ईशे यांची पत्नी, राहणार मौजे रांगशा, झंस्कार, लडाख, वय कागदावर एकाहत्तर आणि गावाच्या मते त्याहून बरेच जास्त, हे मृत्युपत्र आज स्वखुशीने लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर त्याचे नाव पुढच्या कलमांत सापडले असते. लिहिणारा माझा धाकटा भाऊ पुंत्सोग, निवृत्त मास्तर. मी बोलेन तसेच लिही, असे त्याला बजावले आहे.

हे आताच करण्याचे कारण असे की सलगम आणि बटाटे जमिनीखालच्या खड्ड्यात जाऊन पडले आहेत, वाफे रिकामे झाले आहेत, आणि हा हिवाळा मी काढेन असे मला वाटत नाही. माझा मुलगा मुतुप याला माझ्या भाजीच्या बागेवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. मी डोळे मिटले की तो पाया खणेल. परवाच म्हणाला, “आमाले, आता कोबी ट्रकने येतो. कशाला गुडघे झिजवतेस?”

“आणि ट्रक खिंडीत अडकला की पाहुण्यांना काय, खोल्या वाढणार आहेस?”

तो हसला, पण फीत घेऊन बागेची मापे घेतलीच. तेव्हा आता कलमे.

एक. मोठे घर मुतुपचे लग्न झाले तेव्हाच त्याचे झाले आणि आम्ही दोघे रीतीप्रमाणे छोट्या घरात आलो. त्याबद्दल तक्रार नाही. छोट्या घरात चूल लवकर तापते. हे छोटे घरही मुतुपलाच. छपरावर दरवर्षी माती नीट थापावी, कारण त्याच्या मुलाचे लग्न झाले की त्यालाही इथेच राहायला यायचे आहे.

दोन. माझ्या आईने लग्नात दिलेले लोकरी पांघरूण बागेचे आहे आणि बागेबरोबरच जाईल. आमच्याकडे भर उन्हाळ्यातही एखाद्या रात्री दहिवर गोठते, म्हणून ते कायम वाफ्यांवरच राहिले. ईशे कुरकुरायचा, “कोबीला नवं पांघरूण आणि नवऱ्याला पोतं! पुढच्या जन्मी तुझ्या वाफ्यातच येतो.” बोललेले तो खरे करणारा माणूस होता. म्हणून मी अजूनही कोबी कापण्याआधी हळूच त्याचे नाव घेते. आजवर कोणी ओ दिलेली नाही, पण विचारायला काय जाते.

तीन. ईशेचा लाल अंगरखा मुतुपला. धुण्याआधी खिसे तपासावेत. याचे कारण सून यांगडोल. ती नवी नवरी असताना वसंतात एक दिवस थुक्प्याचा रस्सा असा काही गोड झाला की ईशेने पुन्हा वाडगा पुढे केला. मी विचारले, “सलगम कुठले घेतलेस गं?”

“खड्ड्याच्या कोपऱ्यातले, आमाले. माती लावून वेगळे ठेवले होते ना? मला वाटलं नासायला आलेत, आधी संपवावेत.”

ते बियाणे होते. बर्फ गेला की ते पुन्हा लावायचे, मग त्यांना फुले येतात, मग बी. माझ्या आजीपासून चालत आलेले वाण आम्ही मिटक्या मारत खाल्ले. मी वाडगा खाली ठेवला आणि पेरणी होईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मग या अंगरख्याच्या खिशाच्या शिवणीत अडकलेले जुने चिमूटभर बी ईशेला सापडले, आणि त्यातून सगळे पुन्हा उभे राहिले. बोलणे मात्र कामापुरतेच राहिले. दोघीही हट्टी.

चार. शेजारी टुंडुप याने एका दुष्काळी उन्हाळ्यात माझ्या पाण्याच्या पाळीला पाटाच्या तोंडाशी दगड लोटला आणि पाणी आपल्या वाटाण्यांकडे वळवले. तो दगड मी जपून ठेवला आहे. माझ्यामागे तो त्याला द्यावा.

इथे पुंत्सोगने लेखणी थांबवली. “आचेले, टुंडुप साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही.”

“मग आजच देते. उचल तो कोपऱ्यातला.”

टुंडुप इथेच बसून माझा चहा पीत होता. त्याने दगड हातावर तोलून पाहिला. “एवढासाच होता? तू तर गावभर सांगत होतीस डोंगर लोटला म्हणून.” साक्षीदार तोच राहील. आमच्या दोन्ही घरांचे कुलदैवत एक, त्यामुळे रीतीप्रमाणे मला चितेपर्यंत उचलून न्यायलाही त्यालाच यायचे आहे.

पाच. आता बाग.

हिवाळ्यात मी खिडकीशी बसते. बाहेर सगळे पांढरे असते, पण मला त्याखालचा वाफा न् वाफा दिसतो. डुलकी लागली की मी तिथे उतरते. बर्फ वर छतासारखा असतो, त्यातून निळसर उजेड झिरपतो, आणि खाली वाटाणे फुललेले असतात. ईशे पाटाशी बसून पाणी कुठे पोहोचले ते बघत असतो. जाग आल्यावर माझ्या बोटांना ओल्या मातीचा वास येतो. पुंत्सोग म्हणतो, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. पण माझ्यापाशी आहे ती बाग अशी आहे, आणि जी आहे तीच मी देते आहे.

उन्हाळा आमच्याकडे उशिरा येतो आणि चहा संपायच्या आत उठतो. म्हणून शरदात आम्ही कोरडी काळी माती घरात भरून ठेवतो आणि वसंतात बर्फावर उधळतो. काळ्यावर ऊन धरते, बर्फ आधी वितळतो, पेरणी थोडी अलीकडे येते. तेवढ्यावरच कोबी गड्डा धरतो की नाही ते ठरते. मुतुपने एका हिवाळ्यात ती माती कोरड्या संडासात मैल्यावर टाकून संपवली. त्या वर्षी कोबीची नुसती पाने झाली.

ईशे गेला त्यानंतरच्या वसंतात मी अंथरुणातून उठले नव्हते. माती उधळायला जाणे दूरच, मला बाग नकोच झाली होती. एका सकाळी खिडकीतून पाहिले तर यांगडोल पाठीवर टोपली घेऊन माझ्या बागेत फिरत होती. मुठीने माती उधळत होती, कोपरेसुद्धा सोडत नव्हती. टोपल्यांमागून टोपल्या आणल्या. मग मोठ्या घरामागे, तिच्या स्वतःच्या वाफ्यांवर गेली, तेव्हा माती संपली होती. माझी बाग आधी उघडली आणि तिचे वाफे कितीतरी दिवस बर्फाखाली राहिले. तिला वाटते मी झोपले होते. मी झोपले नव्हते. काळे डाग वाढत गेले तसा माझ्यात पुन्हा जीव आला.

म्हणून ही बाग, पाटाच्या पाण्याची पाळी, पांघरूण आणि खड्ड्यातले सारे काही यांगडोलला, एकट्या तिच्या नावावर. अट कोणतीही नाही. तिला वाटले तर तिने खोल्या बांधाव्यात. मुतुपला बांधायच्या असतील तर गोठ्यामागे खडक मोकळा पडला आहे. त्याला पाणी घालावे लागत नाही. यंदाच्या बियाण्याच्या सलगमांना मी लाल दोरा बांधला आहे. त्यातले निम्मे राखावेत. उरलेल्यांचा थुक्पा करावा, तो खरोखर चांगला झाला होता.

सहा. माझी राख मातीत कालवून रीतीप्रमाणे छोट्या मूर्ती घडवाव्यात. पण सूपभर राख बाजूला काढून कोठीतल्या काळ्या मातीत मिसळून ठेवावी. “आचेले, राख घरात ठेवत नाहीत,” पुंत्सोग म्हणतो. मी मठातल्या वृद्ध लामांना विचारून आले आहे. ते हसले. नको म्हणाले नाहीत.

यांगडोल, ऊन चढू लागले की टोपली पाठीवर घे आणि मला बाहेर आण. या वेळी आधी तुझ्या वाफ्यांवर. माझ्या बागेसाठी काही उरले तर बघ.

वरील सर्व मला वाचून दाखवले. माझेच बोलणे आहे, म्हणून अंगठा उठवते.

कुंझेस डोलमा (डाव्या हाताचा अंगठा, नखातली माती तशीच)

साक्षीदार: १. टुंडुप, शेजारी, दगड मिळाला. २. स्कर्मा नोर्बू, त्याच कुलदैवताच्या घरातील.

लिहिणार: पुंत्सोग, भाऊ.

स्थळ: छोटे घर, रांगशा. दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८. बाहेर पहिला बर्फ भुरभुरतो आहे.