लाल ड्रॅगनफ्रूटची बाग आणि हेमराजचा वाटा

मी, तोताराम सोनजी फिरके, वय ७३, धंदा शेती, तालुका यावल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गावाला तो पटणार नाही, कारण केळीच्या मुलखात मी निवडुंग लावला.

१. राहते घर पत्नी लताबाई हिचे. तिला कोणी सल्ले देऊ नयेत. मी देऊन पाहिले आहेत.

२. विहिरीजवळची अ‍ॅव्होकॅडोची दोन झाडे सून मोहिनी हिला. लावली सात होती, पाच उन्हाने नेली. पहिले फळ मी कच्चेच कापून वाढले, तर सगळ्यांनी साबण खाल्ल्यासारखी तोंडे केली. मोहिनीने पुढची फळे तांदळाच्या डब्यात पिकवली, भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाणे घालून ठेचली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत म्हणून वाढली. मी दोनदा मागून घेतले.

३. पॅशनफ्रूटचा वेल मुलगा ललित याला. आंबट गर गाळून गूळ, जिरेपूड घालावी. असे सरबत दुसरे नाही. मांडवाखाली त्याने गाडी खुशाल लावावी, वेल तोडू नये.

४. अर्धा एकर लाल ड्रॅगनफ्रूट, म्हणजे वर सांगितलेला निवडुंग, एकशे दहा खांब, ठिबकसह, मुलगी मोनाली हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी मोनालीला पाहायला बोदवडचे पाहुणे आले. स्थळ माझा धाकटा भाऊ हेमराज याने आणले होते. हे फळ नुसते खाल्ले तर मिळमिळीत, म्हणून मी लिंबू आणि काळे मीठ लावून दिले. मुलाचे वडील अभिमनराव यांनी चार फळे संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लघवी लाल झाली. रक्त समजून घरात रडारड झाली, त्यांना भुसावळला दवाखान्यात नेले. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "काल काय खाल्लं होतं?"

हेमराज माझ्या दारात ओरडला, "तुह्या काटेरी झाडापायी माही अब्रू गेली!" आणि बोलणे सोडले.

मोनालीने मात्र मुलाला, तेजसला, फोन करून सरळ सांगितले, "फळाचा रंग आहे तो. खात्री करायची तर या." तो आला, तीन फळे खाल्ली, मुक्काम केला. सकाळी मोरीतून हसतच बाहेर आला. लग्न झाले.

येथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीसाठी मी हेमराजला निरोप धाडला. आज तो आला. वकिलांकडून सगळे वाचून घेतले आणि नऊ वर्षांनी माझ्याशी बोलला, "मले काय ठेवलं, भाऊ?"

वकील म्हणाले, "साक्षीदाराला काही देता येत नाही."

त्याने पेन खाली ठेवला. "मंग मी सही कायले करू?"

म्हणून साक्षीदार बदलला आणि कलम वाढवले.

५. दरवर्षी पहिल्या तोड्यातली ड्रॅगनफ्रूटची एक टोपली हेमराजला. ती कोणी पोचवू नये. त्याने स्वतः यावे, चहा प्यावा, दोन शब्द बोलावे आणि न्यावी. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे.

सही: तोताराम सोनजी फिरके

आमच्यासमोर सही केली:
१. रुपचंद काशिनाथ नेहेते
२. दिपमाला विजय झांबरे

ठिकाण: यावल
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५