शेफर साहेबांचं आडनाव

बारामती, रविवार, १२ जानेवारी १९९७

मघापासून बसवत नाही! आमच्या डेअरीत मशीन बसवायला आलेले जर्मन इंजिनिअर शेफर आज घरी जेवले. आबांनी, म्हणजे वडिलांनी, हयातभर मेंढरं राखली. कंपनीत मी मात्र घरी शेती असल्याचंच सांगत आलोय. साहेब यायच्या आधी आबांचं घोंगडं आत टाकलं, खुर्च्या मांडल्या.

आबांनी येईल त्याला विचारतात तेच विचारलं, "पाव्हणं, आडनाव काय?" मी शरमलो. जर्मनालासुद्धा सोडायचं नाही? नाइलाजानं प्रश्न इंग्रजीत सांगितला, तर साहेब खुललेच. शेफर म्हणजे मेंढपाळ! मेंढपाळ!! त्यांच्या खापरपणजोबांचे कळप होते म्हणे.

आबा ताडकन उठले. "आरं, ह्यो तर आपलाच! इचार त्याला, मेंढरं किती हायती?"

साहेब हसले. त्यांनी जन्मात मेंढरू धरलेलं नाही.

"असू दे," आबा माझ्याकडं बघत म्हणाले, "आमच्या ह्यानंबी न्हाय धरलं. पर त्यो सांगतो तरी."

घोंगडं मग मीच आणून अंथरलं. तिघंही त्यावरच जेवलो. खुर्च्या तशाच राहिल्या.