ओल्या फरशीवरचा बिबट्या

अण्णा, काल तुमच्या नातीला घेऊन तुमच्या संग्रहालयात गेले होते. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. कोथरूडहून जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता, पण बावीस वर्षं मी तो टाळला. आईवडिलांनी मुलांबरोबर बसून प्राण्यांची चित्रं काढायची, त्यांची माहिती ऐकायची, असा रविवारचा कार्यक्रम होता. शाळेच्या ग्रुपवर निरोप आला आणि लेकीने हट्टच धरला.

दालनात सतरंज्या घातलेल्या, खडूंचे डबे, मातीचे गोळे. लेक थेट तुम्ही घडवलेल्या बिबट्यासमोर जाऊन बसली. रंग थोडा उतरलाय, पण पुढचा उजवा पंजा तसाच किंचित उचललेला. त्या पंजाचा दिवस मला आठवतो. आईने स्वयंपाकघर नुकतंच पुसलंय, मांजर ओट्याखालून निघतं, ओल्या फरशीला पाय लागताच तो उचलून झटकतं, आणि तुम्ही चहाची बशी हातात धरून तसेच उभे. कुणी हलू नका म्हणालात. चहा गार झाला. माणसांकडे इतकं निरखून बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणाली.

काल माहिती सांगणारी मुलगी पालकांना म्हणाली की या प्राण्यांच्या आत पेंढा भरलेला असतो. हा शब्द तुम्हाला किती झोंबायचा. मला तुम्ही एकदाच रागावलात, तेही त्याच शब्दावरून. "पेंढा मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भरतात, म्हशीने फसून पान्हा सोडावा म्हणून. मी कुणाला फसवत नाही." आत लाकूड असतं, काथ्या असतो, खांदा हाताने घडवावा लागतो, हे सगळं मला पाठ आहे. सांगायला मी तोंड उघडलंही. मग सगळे आपल्याकडे वळून बघतील असं वाटलं आणि नुसती मान डोलावली.

ही सवय जुनीच. सातवीत आमची सहल तुमच्या संग्रहालयात आली होती. त्याआधी वर्गातल्या एका मुलीने माझ्या डब्यातली पोळी परत केली होती, तुझे वडील मेलेली जनावरं शिवतात म्हणून. सहलीच्या दिवशी तुम्ही मागच्या कार्यशाळेतून एप्रनवरच बाहेर आलात, डांबरगोळ्यांचा वास घेऊन. हातात काडेपेटी होती. तिच्यात काचेचे दोन डोळे, एकमेकांशी जोडी न जमलेले. मीच मागितले होते. हे कोण, असं त्या मुलीने मला विचारलं.

"इथले शिपाई आहेत," मी म्हणाले.

तुम्ही ऐकलंत. काडेपेटी खिशात गेली. "चला बाई, पुढे सरका. काचेला हात लावू नका," असं तुम्ही मला म्हणालात, अगदी शिपायाच्या आवाजात. तुम्ही मला अहोजाहो केलंत ते तेवढं एकदाच. रात्री पानावर टोमणा येणार, याची मी वाट बघत होते. तुमची जीभ काही कमी तिखट नव्हती. तुम्ही आमटी पुन्हा मागून घेतलीत आणि छान झालीय म्हणालात. काडेपेटी दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात सापडली. अण्णा, मला त्या दिवसाची अजून लाज वाटते. शिपाई हा शब्द मी शिवीसारखा वापरला, त्याचीही वाटते.

काल चित्र काढता काढता लेकीने विचारलं, "आई, हा ओल्या फरशीवरून चाललाय का गं?"

त्या मांजराचं मी तिला कधीच सांगितलेलं नाही. मला रडूच आलं. मग तिने विचारलं, हा कुणी केला असेल? पाटीवर फक्त बिबट्याचीच माहिती आहे. असेल कुणी कारागीर, असं मी म्हणाले. आता माझी पोळी कुणी परत करणार नव्हतं, तरीही. आजोबा कुठेतरी नोकरी करत होते, एवढंच तिला माहीत आहे.

चित्र फ्रिजवर लावलंय. त्याखाली तिने दोन ओळी आखल्यात. 'चित्र काढणारी' याच्यापुढे तिचं नाव आहे. 'बिबट्या करणारे' याच्यापुढची जागा मोकळी. तुला कळलं की लिही, असं बजावून ती सकाळी शाळेत गेली. तेव्हापासून पेन घेऊन बसलेय. हे पत्र काडेपेटीशेजारी ठेवून देईन. तुम्हाला लिहिता लिहिता दोन पानं भरली, आणि ती एक ओळ अजून कोरीच आहे.