मोत्याचे वजन

नालवाडी, रविवार, ११ नोव्हेंबर १९७९

आमचा म्हातारा कुत्रा मोत्या आणखी एक किलोने उतरला. गुरांच्या डॉक्टरांनी त्यास हातही न लावता, "वय झालं," असा निकाल दिला होता. मूर्ख माणूस! हातही न लावता!

आज सलग सहाव्या रविवारी त्यास जिनिंगमधल्या कापूस तोलायच्या काट्यावर नेले. तोलणारा नामदेव हसला, "बाबूजी, हा कापूस हाये काय? नुसतं तोलूनच राह्यले. तोंड उघडून काऊन नाई पाह्यलं?" त्यानेच जबडा उघडला. दाढ सडलेली, हिरडी सुजलेली. भाकरी चावणार कशी?

संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून दिली. पातेले चाटूनपुसून साफ केले.

सहा रविवार त्यास काट्यावर मीच उचलून ठेवले. हात तर मी लावतच होतो. मूर्ख कोण?